किरिबाटी नाही, किरिबास : एका देशाचं नाव आपण चुकीचं का वाचतो

(पॉडकास्टमध्ये जे बोललो तेच थोडं नीटनेटकं करून इथे दिलंय. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा, आणि ज्यांनी ऐकलंय त्यांनी माझे "म्हणजे", "ॲक्च्युअली" गाळल्याबद्दल आभार माना.)



आजचा भाग म्हणजे खरं तर एक माफीनामा आहे. डिसेंबरमध्ये आपण नवीन वर्षावर एक भाग केला होता, आठवतोय? जगात नवीन वर्ष सगळ्यात आधी कुठे येतं, यावर. दरवर्षी ३१ डिसेंबरला दुपारी साडेतीन वाजता, म्हणजे आपण अजून संध्याकाळच्या सामानाची यादी करत असतो तेव्हा, टीव्हीवर पट्टी फिरते : "पॅसिफिकमधल्या किरिबाटी देशात नववर्षाचं स्वागत". त्या भागात मी हे नाव अकरा वेळा घेतलं. अकराही वेळा चुकीचं घेतलं.

हे कळलं कसं, तर रत्नागिरीकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. हे दादा मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांचं म्हणणं असं, "अरे बाबा, आमच्या जहाजावर बोसन होता तिकडचा. मी आठ महिने त्याच्यासमोर किरिबाटी, किरिबाटी करत होतो. तो नुसता मान डोलवायचा. मी जहाज सोडायच्या आदल्या रात्री जेवताना सहज म्हणाला, आमच्या देशाचं नाव किरिबास आहे. मी म्हटलं, मग आठ महिने का नाही बोललास? तर म्हणाला, प्रत्येक बंदरात इमिग्रेशनचा साहेब तेच म्हणतो, किती जणांना सांगू?"

ते "किती जणांना सांगू" माझ्या डोक्यात अडकून बसलं. स्वतःच्याच देशाचं नाव चुकीचं ऐकून मान डोलवायची, कारण दुरुस्त करत बसायचा कंटाळा आलाय. म्हणून म्हटलं, एक अख्खा भाग या एका नावावर करू. नावाच्या मागे बराच इतिहास निघाला.

आधी थोडी ओळख

किरिबास म्हणजे मध्य पॅसिफिकमधली ३३ बेटं. सगळी जमीन गोळा केली तर ८११ चौरस किलोमीटर, आपल्या मुंबईपेक्षा थोडीशी जास्त. पण ही बेटं इतकी विखुरलेली आहेत की त्यांच्या हक्काचा समुद्र साधारण ३५ लाख चौरस किलोमीटर भरतो. भारताची जमीन त्याहून कमी आहे! लोकसंख्या मात्र सव्वा लाखाच्या आसपास. राजधानी तारावा. हा देश विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आणि १८० रेखावृत्ताच्याही दोन्ही बाजूंना पसरलाय. असा जगात हा एकच देश.

आणि हे खलाशांचं प्रकरणही योगायोग नाही बरं का. तारावावरच्या एका भागात १९६७ पासून खलाशांचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथून शिकलेली पोरं वर्षानुवर्षं परदेशी मालवाहू जहाजांवर, त्यातही जर्मन कंपन्यांच्या, कामाला जात आलीत. म्हणजे कोकणातला माणूस आणि किरिबासचा माणूस एका जहाजावर भेटणं यात नवल काही नाही. त्या भागाचं नाव इंग्रजीत वाचलं तर बेटिओ. खरा उच्चार बेसिओ. इथेही तीच गंमत. ती गंमत काय आहे ते आता बघू.

टी आणि आय मिळून स

नियम एका ओळीचा आहे. त्यांच्या भाषेत त या आवाजापुढे इ आली की त्या त चा स होतो. बस. आणि शब्दाच्या शेवटी असलेली इ इतकी हळू म्हटली जाते की जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून लिहिताना शेवटी टी आणि आय, म्हणताना नुसता स. किरिबास.

पहिली प्रतिक्रिया काय येते आपली? "मग सरळ एस का नाही लिहीत?" माझीही हीच होती.

एक प्रयोग करा. मोठ्याने म्हणा, "त्याचा". आता म्हणा, "त्याची". पुन्हा म्हणा. "त्याचा" मधला च म्हणताना जीभ दातांच्या मागे लागते, "त्याची" मधला च म्हणताना ती वर टाळूला जाते. दोन वेगळे आवाज आहेत, अक्षर एकच. तसंच "माझा" आणि "माझी". पुढे ई आली की आवाज आपोआप बदलतो. आपण आयुष्यभर हे करत असतो आणि शाळेत कुणी शिकवलेलं बहुतेकांना आठवत नाही. दोन आवाजांसाठी दोन अक्षरं हवीत असंही आपल्याला रोजच्या लिहिण्यात वाटत नाही, कारण मराठी माणसाला कुठे काय म्हणायचं ते माहीतच असतं. अडतो तो बाहेरचा. माझा एक हिंदी भाषक रूममेट "चाळ" हा शब्द "चार" मधल्या च ने म्हणायचा आणि आम्ही हसायचो. त्याची चूक नव्हती. अक्षर तेच होतं, वाचायचा नियम त्याच्याकडे दुसऱ्या भाषेचा होता.

किरिबासच्या लोकांचं त आणि स चं नातं आपल्या दोन च सारखंच आहे. त्यांच्या कानाला तो एकाच घरातला आवाज. मग वेगळं अक्षर कशाला? त्यांची वर्णमाला अवघ्या तेरा अक्षरांत आटोपते : पाच स्वर आणि आठ व्यंजनं. त्यात एस नाहीच.

आणि इंग्रजांनी तर याबाबतीत बोलूच नये. "नेशन" आणि "स्टेशन" ची स्पेलिंगं आठवा. तिथे टी आणि आय मिळून श होतो आणि त्यावर कुणी हरकत घेत नाही.

टाइपरायटरची गोष्ट

ही लिपी बसवली हायरम बिंगहॅम नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने. हा जन्मला होनोलुलूत, १८३१ मध्ये, वडीलही मिशनरीच आणि त्यांचंही नाव हायरम बिंगहॅम. १८५७ मध्ये हा धाकटा बिंगहॅम बायकोबरोबर अबाइआंग नावाच्या बेटावर येऊन राहिला. तोपर्यंत ही भाषा फक्त बोलली जात होती. त्याने ती रोमन अक्षरांत बसवली आणि पुढची तीसेक वर्षं राबून १८९० मध्ये पूर्ण बायबलचं भाषांतर संपवलं. (याचा मुलगा तिसरा हायरम बिंगहॅम. माचू पिचू जगासमोर आणणारा तोच. घराणंच भारी.)

आता इंटरनेटवर एक गोष्ट फिरते. म्हणे बिंगहॅमच्या टाइपरायटरचं एस चं बटण मोडलं होतं, म्हणून त्याने स ऐवजी टी आणि आय असं लिहिलं. ऐकायला मस्त आहे. मीही आधी हीच गोष्ट सांगणार होतो. पण जरा तारखा बघा. बिंगहॅम १८५७ मध्ये बेटावर आला आणि टाइपरायटर दुकानात विकायला आला १८७० च्या दशकात. लिपी बसवताना त्याच्याकडे मोडायला टाइपरायटरच नव्हता.

मला ही गोष्ट खटकते ती आणखी एका कारणाने. त्यात एका भाषेचा व्यवस्थित नियम हा कुणाच्या तरी मशीनचा बिघाड ठरतो. बिंगहॅमने उलट कान देऊन ऐकलं होतं. जिथे त्या लोकांना एक आवाज वाटतो तिथे त्याने एकच अक्षर ठेवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बग नव्हता, डिझाइन होतं.

हा गिल्बर्ट कोण?

आता खरी मजा. "किरिबास" या शब्दाचा अर्थ काय? तर काहीच नाही. किंवा असं म्हणा, अर्थ आहे "गिल्बर्ट्स". एका इंग्रज कॅप्टनचं आडनाव.

१७८८ मध्ये इंग्लंडहून कैदी भरून अकरा जहाजं ऑस्ट्रेलियात पोचली, हे शाळेत वाचलेलं असेल. त्यातल्या दोन जहाजांना परतीच्या वाटेवर चीनहून चहा भरून न्यायचा होता. एकाचा कॅप्टन थॉमस गिल्बर्ट, दुसऱ्याचा जॉन मार्शल. सिडनीहून कँटनला जाताना वाटेत ही बेटं दिसली. ते किनाऱ्यावर उतरलेसुद्धा नाहीत. पुढे गेले. १८२० च्या सुमाराला क्रुझेनस्टर्न नावाच्या रशियन आरमारी अधिकाऱ्याने नकाशावर या बेटांना गिल्बर्टचं नाव दिलं. शेजारच्या बेटांना मार्शलचं मिळालं, तो मार्शल आयलंड्स हा देश आजही त्याच नावाने आहे.

म्हणजे बघा : चहा आणायला निघालेला माणूस लांबून बेटं बघतो, तीसेक वर्षांनी तिसऱ्याच देशाचा माणूस नकाशावर त्याचं आडनाव टाकतो, आणि तिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना याचा पत्ताही नाही. त्यांचं स्वतःचं नाव होतं, तुंगारू. १८९२ मध्ये ब्रिटिशांनी बेटं संरक्षणाखाली घेतली आणि १९१६ मध्ये दक्षिणेकडच्या एलिस बेटांसकट वसाहत केली : गिल्बर्ट अँड एलिस आयलंड्स. हा एलिस तर आणखी वरचढ. तो इंग्लंडच्या पार्लमेंटचा सभासद होता, आणि ज्या जहाजाने ती बेटं पाहिली त्यातला माल त्याच्या मालकीचा होता. माल पाठवला एवढ्या पुण्याईवर बेटांना नाव.

स्थानिक लोकांनी गिल्बर्ट्स हे नाव घेतलं आणि आपल्या तोंडाला येईल तसं वळवलं. त्यांच्या भाषेत ग नाही, म्हणून क. ल नाही, म्हणून र. जोडाक्षर चालत नाही, म्हणून मध्ये स्वर घातला. शेवटचा स म्हणजे लिहिताना टी आणि आय. गिल्बर्ट्सचं झालं किरिबास.

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. प्लॅटफॉर्मचा फलाट कुणी केला? टंबलरचं टमरेल? जुन्या मराठी लिखाणात एल्फिन्स्टन साहेबाचा "अलपिष्टन" झालेला दिसतो. तो अलपिष्टन आणि हा किरिबास, एकाच जातीचे शब्द. परक्याचं नाव घेतलं आणि आपल्या जिभेवर घासून गोल केलं.

१९७९ : नाव काय ठेवायचं?

एलिस बेटांनी १९७४ मध्ये सार्वमत घेऊन वेगळं व्हायचं ठरवलं आणि १ ऑक्टोबर १९७८ ला ती स्वतंत्र झाली. त्यांनी एलिस साहेबाला सरळ निरोप दिला आणि आपल्या भाषेतलं नाव घेतलं : तुवालू. अर्थ, एकत्र उभे असलेले आठ. बेटं नऊ आहेत, पण पूर्वीपासून वस्ती असलेली आठ.

गिल्बर्टवाल्यांचा नंबर पुढच्या वर्षी, १२ जुलै १९७९ ला आला. पहिला राष्ट्राध्यक्ष येरेमिया ताबाई तेव्हा तिशीचाही नव्हता. (माझ्याच वयाचा. मी या वयात स्प्रिंट प्लॅनिंगला उशिरा पोचतोय. असो.) त्यांच्याकडे तुंगारू हे नाव तयार होतं. मग ते का नाही घेतलं?

कारण तुंगारू म्हणजे फक्त मूळची गिल्बर्ट बेटं. नव्या देशात त्याशिवाय पूर्वेकडची फिनिक्स बेटं होती, त्याहून लांब लाइन बेटं होती, पश्चिमेला बनाबा होतं. जुनं नाव घेतलं असतं तर ते एकाच घराचं झालं असतं. किरिबास हे नाव मुळात वसाहतीचं, त्यामुळे सगळ्या वसाहतीला पुरणारं.

हे सगळ्यांना पटलं होतं असंही समजू नका. बनाबा हे फॉस्फेटचं बेट. १९०० पासून १९७९ पर्यंत ते खणून काढलं. तिथल्या लोकांना १९४५ मध्ये दोन हजार किलोमीटरवर फिजीतल्या एका बेटावर नेऊन वसवलं होतं. स्वातंत्र्याच्या वेळी त्यांना या नव्या देशात राहायचंच नव्हतं, वेगळं व्हायचं होतं. ते झालं नाही. तेव्हा "सगळ्यांना सामावणारं नाव" असं आपण लांबून म्हणतो, पण सामावून घेतलं जाणाऱ्यांपैकी काहींची तशी इच्छा नव्हती, हेही त्या नावाच्या इतिहासात येतं.

क्रिसमस कुठे लपलाय?

आता नियम तुम्हाला आलाय, तर एक कोडं. लाइन बेटांमधल्या सगळ्यात मोठ्या बेटाचं नाव रोमन अक्षरांप्रमाणे वाचलं तर किरिटिमाटी. टी आणि आय दिसलं की स म्हणा. शेवटची इ खाऊन टाका. काय मिळालं?

किरिसमास. क्रिसमस!

कॅप्टन कुक १७७७ मध्ये २४ डिसेंबरला या बेटापाशी पोचला, म्हणून त्याने नाव ठेवलं क्रिसमस आयलंड. देशाची अर्ध्याच्या जवळपास जमीन या एका बेटात आहे. इथे १९५७-५८ मध्ये ब्रिटिशांनी आणि १९६२ मध्ये अमेरिकेने अणुचाचण्या केल्या. बेटावरच्या गावांची नावं काय, तर लंडन, पोलंड आणि बनाना. पॅरिसही होतं, ते ओसाड पडलं.

हे बेट माझ्या रोजच्या कामातलं आहे. टाइमझोनच्या यादीत "पॅसिफिक" आणि मग या बेटाचं नाव अशी एक नोंद असते. यूटीसी अधिक १४. जगातला सगळ्यात पुढचा टाइमझोन. तारखांचा कोड टेस्ट करायचा असेल तर आम्ही हमखास हा झोन लावतो, कारण काही फुटायचं असेल तर इथे फुटतं. हवाईमध्ये घड्याळात जेवढे वाजलेले असतात तेवढेच इथे वाजलेले असतात, फक्त तारीख एक दिवस पुढची. कॉलेज संपल्यापासून मी हे नाव टाइप करतोय. त्यात क्रिसमस आहे हे मला त्या बोसनमुळे कळलं, इतक्या वर्षांनी.

अधिक १४ कसं झालं, त्यामागेही याच देशाची अडचण आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषा देशाच्या मधून जात होती. तारावात शुक्रवार असला की क्रिसमस बेटावर गुरुवार. दोन्हीकडच्या सरकारी कचेऱ्या एकाच वेळी चालू असण्याचे दिवस आठवड्यात चारच. १९९४ मध्ये निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने हे बदलायचं ठरवलं आणि १९९५ सुरू होताना पूर्वेकडच्या बेटांनी एक दिवस गाळून टाकला. त्यामुळेच आपल्या टीव्हीवरची ती साडेतीनची पट्टी. या राष्ट्राध्यक्षाचं आडनाव स्पेलिंगप्रमाणे युगोस्लाव्हियाच्या टिटोसारखं दिसतं. नियम लावा : सीटो.

नकाशावर असे अजून बरेच आहेत

फिजीत विमान उतरतं त्या शहराचं स्पेलिंग वाचून मराठी माणूस हमखास "नदी" म्हणणार. उच्चार आहे नांदी. फिजीच्या भाषेत ड च्या आधी न चा आवाज असतोच, म्हणून लिहीत नाहीत. बनाबाच्या लोकांना जिथे वसवलं ते बेट लिहितात "राबी", म्हणतात राम्बी. अमेरिकन सामोआची राजधानी लिहिताना पागो पागो, म्हणताना पांगो पांगो. सगळीकडे गोष्ट तीच. मिशनऱ्यांनी स्थानिक कानाला सोयीची लिपी बसवली, आणि बाकी जग ती इंग्रजीच्या नियमाने वाचत बसलं.

आणि देशाच्या माणसाला काय म्हणतात? इंग्रजीत नावाच्या आधी एक आय आणि छोटी रेघ लावतात. मी ते आयफोनमधल्या आयसारखं वाचायचो. तो उच्चार आहे ई, आणि अर्थ "तिथला माणूस". म्हणजे आपलं पुणेकर, सातारकर मधलं "कर", फक्त पुढून लावलेलं. ई-किरिबास.

देश तुटतात तेव्हा संगणकाच्या याद्यांतही खुणा राहतात. गिल्बर्ट अँड एलिसचा दोन अक्षरी कोड होता जीई. वसाहत संपली, कोड मोकळा झाला. पुढे सोव्हिएत संघ फुटल्यावर तोच जीई जॉर्जियाला मिळाला. किरिबासला मिळाला केआय आणि तुवालूला टीव्ही. त्या टीव्ही अक्षरांनी संपणारे वेबपत्ते जगाला विकून तुवालूने इतका पैसा उभा केला की २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व परवडलं. किरिबास त्याच्या एकच वर्ष आधी सभासद झाला होता.

मग मराठीत काय लिहायचं?

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी एका मित्राशी वाद झाला. तो म्हणाला, "आपण जर्मनी म्हणतो, ते डॉइचलांड म्हणतात. चालतंच की. मग इथेच एवढी सोवळी कशाला?"

मुद्दा चांगला आहे. पण मला फरक दिसतो. जर्मनी, जपान, चीन ही आपल्या भाषेतली नावं आहेत. "इंग्रज" हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आला आणि डचांना आपण वलंदेज म्हणायचो. या शब्दांनी मराठीत पिढ्या काढल्या आहेत. ती दुसरी नावं आहेत, चुकीची नावं नाहीत. "किरिबाटी" तसं नाही. ते कुणी मराठीत ठेवलेलं नाव नाही. तो त्यांनीच लिहिलेला शब्द आहे, फक्त दुसऱ्या भाषेच्या नियमाने वाचलेला.

पूर्वी श्रीलिपीत टाइप केलेली फाइल दुसऱ्या कंप्युटरवर उघडली की काय व्हायचं आठवतंय? फाइल उत्तम असायची. फाँट नसला की कचरा दिसायचा. तो कचरा आपण भाषांतर म्हणून स्वीकारत नव्हतो ना? फाँट टाकत होतो.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना एक पळवाट आहे. स्पेलिंग अधिकृतच आहे, ते तसंच ठेवायचं, आणि तोंडाने काय म्हणायचं ते ज्याचं त्याच्यावर. आपल्या देवनागरीत ती सोय नाही. आपण अक्षर लिहिलं की उच्चारही लिहिला. "किरिबाटी" असं छापलं की चूक पक्की झाली, वाचणाऱ्याला दुसरा रस्ताच उरला नाही. म्हणून उलट आपल्यावर जबाबदारी जास्त आहे, आणि आपल्याला सोपंही आहे. किरिबास लिहा, झालं. आपण असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच शिकावं लागत नाही.

स्वतःच्या घरातलं उदाहरण हवं तर मध्य रेल्वेने जा. शीव म्हणजे वेस, गावाची सीमा. इंग्रजी पाटीमुळे त्याचं सायन झालं, आणि आज मराठी माणूससुद्धा रिक्षावाल्याला सायनच सांगतो. मीही सांगतो. चुकीचं वाचन पुरेशा वेळा झालं की तेच नाव होऊन बसतं, आणि मूळ नाव म्हणणारा माणूस विचित्र वाटायला लागतो.

एक शेवटचं. किरिबासची बहुतेक बेटं समुद्रापासून दोन-तीन मीटरच वर आहेत. समुद्र वाढतोय. २०१४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अनोते तोंग यांच्या सरकारने फिजीत साधारण २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेऊन ठेवली. उद्या लोकांना दुसरीकडे जावं लागलंच, तर बरोबर काय नेता येईल याचा तिथले लोक खरोखर विचार करतात. बेट नेता येत नाही. नाव नेता येतं. अशा वेळी ते निदान नीट म्हणणं, एवढं तर आपल्याला जमावं.

मी काय केलंय सांगतो. जुन्या भागाच्या लेखी मसुद्यात अकराही ठिकाणी दुरुस्ती केली. ऑडिओ बदललेला नाही, चूक झाली होती हे ऐकू येऊ दे. टाइमझोनच्या कोडमध्ये अर्थातच हात लावलेला नाही, तिथे स्पेलिंग लागतंच. आणि ऑफिसमध्ये आता कुणी तो झोन वाचून दाखवला की मी "क्रिसमस" म्हणतो. टीम वैतागलीय.

रत्नागिरीच्या दादांना मी उलट मेसेज केला, त्या बोसनशी अजून बोलणं होतं का म्हणून. म्हणाले, होतं कधी कधी. मग त्याला मराठीत आता तुमचं नाव बरोबर लिहितायत असं कळवा म्हटलं, निदान एका ठिकाणी तरी. त्याचं उत्तर एकाच शब्दाचं आलं : "मौरी". तिकडे भेटल्यावर म्हणतात हा शब्द, आपल्या नमस्कारासारखा, बरे असा अशा अर्थाचा.

यंदा ३१ डिसेंबरला दुपारी साडेतीनला टीव्ही लावा. पट्टीवर काय लिहिलंय ते मला कळवा. आणि याही भागात मी काही चुकीचं म्हटलं असेल तर आठ महिने मान डोलवत बसू नका, लगेच सांगा. पुढच्या भागात भेटू.

मौरी!